मॅट चालू, टाकी गार: खानदेशी हिवाळ्यात सापाच्या हीटिंगचं काय बिघडतं

दिवाळी उलटली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या साप पाळणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात आणि दरवर्षी त्या जवळपास त्याच असतात. हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवर ३२ दिसतंय, टाकीत हात घातला तर गार. टाकीखालची हीट मॅट रात्रभर चालू, तरी साप दिवसभर एकाच कोपऱ्यात दबून. खाल्लेला उंदीर तिसऱ्या दिवशी ओकला. पोटाच्या खवल्यांवर लालसर डाग दिसले. तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: पडद्यावरचा आकडा प्रोबच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या तापमान मोजणाऱ्या वायरीच्या, टोकाचा असतो, आणि साप जिथे बसतो तिथला आकडा कुणी घेतलेलाच नसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हे सगळं कॉर्न स्नेक, बॉल पायथन अशा परदेशी, पिंजऱ्यात पैदास झालेल्या सापांबद्दल आहे. नाग, घोणस, मण्यार, धामण, आपला अजगर, अगदी निरुपद्रवी दिवडसुद्धा घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शेतात किंवा घरात असा साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, त्याला 'थंडीपुरता' टबात ठेवू नका. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे तुमच्याकडे तो असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते.

पहाटे पाचला दिवा बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक तपासणी करा. कडाक्याच्या थंडीत पहाटे पाच-सहाच्या सुमारास थर्मोस्टॅटवरचा हीटिंगचा दिवा बघा आणि त्याच वेळी टाकीतलं खरं तापमान घ्या. तीन शक्यता निघतात.

दिवा चालू आहे आणि पडद्यावरचा आकडा सेट केलेल्या आकड्यापर्यंत पोचतच नाही, याचा अर्थ हीटर कमी पडतोय. दिवा बंद आहे, आकडा बरोबर दिसतोय, पण सापाच्या जागी गार आहे, तर प्रोब चुकीच्या जागी आहे. दिवा बंद असून मॅट किंवा सिरॅमिक हीटर गरमच आहे, तर थर्मोस्टॅटमधला स्विच, म्हणजे रिले, चिकटलाय. आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

खरं तापमान घ्यायला दोन साधनं लागतात: किमान-कमाल नोंद ठेवणारा डिजिटल थर्मामीटर आणि पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. गन काचेतून आतलं मोजत नाही, काचेचंच तापमान सांगते, म्हणून झाकण उघडून थेट पृष्ठभागावर धरा. चकचकीत स्टीलवर किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ती खोटं बोलते. अशा ठिकाणी कागदी चिकटपट्टी लावा, पट्टीला पृष्ठभागाइतकं तापू द्या आणि तिच्यावर मोजा. टाकीला चिकटवायचे गोल काट्याचे डायल थर्मामीटर फेकून दिले तरी चालतील. ते हवेचं तापमान दाखवतात, तेही अंदाजाने.

गाठायचे आकडे असे. बॉल पायथनसाठी उबदार बाजूच्या लपणातली जमीन ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ५५ ते ७० टक्के. कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५, आर्द्रता ४० ते ५५. रात्री कॉर्न दोन-तीन अंश कमी सहज सोसतो. बॉल पायथनची टाकी २४ च्या खाली जाऊ न दिलेली बरी. हे आकडे जमिनीला लागून, सापाच्या पोटाखाली मिळायला हवेत.

हीटर कमी पडतोय

हीट मॅट हवा तापवत नाही, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ती तिच्यावरचा काचेचा तुकडा तापवते, बस. पुण्या-मुंबईच्या खोलीत रात्री २२ अंश असतील तर त्यावर काम भागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत पहाटे १५ अंश असणं नेहमीचं आहे. रावेर-यावलचे शेतकरी केळीला थंडी लागू नये म्हणून बागेत धूर करतात, त्या दिवसांत १४ वॉटच्या मॅटकडून टाकी उबदार राहण्याची अपेक्षा ठेवू नका.

ढोबळ हिशेब मांडू. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरच्या काचेच्या टाकीची सगळ्या बाजूंची मिळून पृष्ठभागाची बेरीज जवळपास २ चौरस मीटर भरते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण साडेपाच वॉट उष्णता बाहेर जाते. खोली १५ अंश आणि टाकीतली हवा सरासरी २५ हवी, म्हणजे दहा अंशांचा फरक. गुणाकार ११० वॉटच्या आसपास येतो. मॅट आहे १४ वॉटची, आणि त्यातलीही थोडी उष्णता खाली टेबलाकडे जाते. म्हणून सापाचं पोट गरम, पाठ गार आणि श्वासाची हवा गार. पचन बिघडतं आणि हिवाळाभर हे असंच चाललं तर छातीच्या संसर्गाचा धोका वाढतो.

खर्च न करता पहिली गोष्ट करा: उष्णता अडवा. टाकीची मागची आणि दोन्ही कडांची काच बाहेरून २५ मिलिमीटर जाडीच्या थर्मोकोलने झाका. वरच्याच हिशेबात यातून ३५ वॉटच्या आसपास वाचतात. जाळीचं झाकण असेल तर गरम हवा तिथूनच निसटते. जाळीचा दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पट्टीने झाका, बाकी हवेसाठी उघडा ठेवा. वर सिरॅमिक हीटर असेल तर त्याच्या चहूबाजूंनी किमान १५ सेंटीमीटरपर्यंत काहीही ठेवायचं नाही. थर्मोकोल मॅटखाली कधीही घालायचा नाही. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, पेटतोही पटकन, आणि खालून कोंडलेली मॅट स्वतःच नको तितकी तापते.

खोलीची निवडही मोठं काम करते. घरात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, जुनी खोली असेल तर टाकी तिथे हलवा. मातीच्या जाड भिंती आणि धाब्यामुळे दिवस-रात्रीतला फरक तिथे खूपच कमी असतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ३० आणि पहाटे १४ असा झोका बसतो, आणि कुठलाही हीटर तो नीट सांभाळू शकत नाही. बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला टाकी टेकवू नका.

एवढं करूनही कमी पडलं तर वरून उष्णता द्या. ९० सेंटीमीटरच्या टाकीला ६० ते १०० वॉटचा सिरॅमिक हीटर पुरतो. तो प्रकाश देत नाही, म्हणून रात्रभर चालवता येतो. लाल-निळ्या 'नाइट बल्ब'ची काही गरज नाही. त्याचे नियम मात्र कडक आहेत:

- होल्डर सिरॅमिकचाच हवा, ई२७ स्क्रूचा. घरातला बेकलाइटचा दोन पिनांचा होल्डर चालत नाही. हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो, प्लास्टिक किंवा बेकलाइट काळं पडतं, भेगाळतं आणि शेवटी शॉर्ट होतं.
- होल्डरपर्यंतची वायर उष्णतारोधक, काचतंतूच्या वेष्टनाची घ्या. साधी पीव्हीसी वायर वरच्या गरम हवेत कडक होऊन तडकते.
- हीटर टाकीच्या आत असेल तर भोवती तारेचा पिंजरा लागतोच. साप गरम वस्तूवर चढून गुंडाळून बसतात, आणि सिरॅमिकवर असा बसलेला साप पोटभर भाजतो.
- हीटरच्या खालच्या टोकापासून सापाच्या पाठीपर्यंत किमान २५ ते ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. फांदी किंवा लपणाचं छत मध्ये येत असेल तर तिथून मोजा.

आता व्होल्टेज. शेतीपंप आणि घरं एकाच लाइनवर असलेल्या गावात रब्बीच्या पाळीत मोटारी सुरू झाल्या की २३० चे १८० व्होल्ट होतात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. १८० वर तो ६१ टक्केच उरतो, म्हणजे १४ वॉटची मॅट साडेआठ वॉटची आणि १०० वॉटचा सिरॅमिक ६१ वॉटचा. थर्मोस्टॅट याला काही करू शकत नाही. अशा ठिकाणी एक पायरी मोठा हीटर घ्या आणि वेळेत बंद होण्याची जबाबदारी थर्मोस्टॅटवर सोडा. उलट पहाटे मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज २५० वर चढतं आणि तोच हीटर १८ टक्के जास्त तापतो. म्हणून 'मोजून घेतलेला हीटर, थर्मोस्टॅट नको' हा जुगाड गावात कधीच चालत नाही.

प्रोब चुकीच्या जागी आहे

हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष. दोन बाजूंनी चूक होते.

पहिली चूक: प्रोब टाकीच्या आत, भुशावर मोकळा ठेवलेला. साप त्याला ढकलतो आणि प्रोब थंड बाजूला जातो. थर्मोस्टॅटला वाटतं टाकी गार आहे, मॅट बंदच होत नाही. पाण्याचं भांडं सांडून प्रोब ओला झाला तरी हेच. रात्रीत उबदार बाजू ४५ वर जाते, आणि पडद्यावर मात्र २७ दिसत असतात. पोट भाजण्याच्या तक्रारींत सगळ्यात आधी हीच गोष्ट तपासा.

दुसरी चूक: प्रोब काचेच्या बाहेर, मॅटच्या कडेला हवेत लोंबणारा. तो खोलीचं तापमान मोजतो.

मॅटसाठी बरोबर जागा एकच: मॅट आणि काच यांच्या मध्ये, मॅटच्या मध्यभागी, टाकीच्या बाहेरून. उष्णतारोधक पिवळ्या कॅप्टॉन टेपने प्रोब घट्ट बसवा. साधी सेलो टेप आठवड्यात सुटते. इथे प्रोब मॅटचं तापमान मोजतो, सापाला तो हलवता येत नाही आणि पाणी लागत नाही. आता आतली जमीन मॅटपेक्षा गार असणार. ५ मिलिमीटर काचेत साधारण ३ ते ५ अंशांचा फरक पडतो, प्लास्टिकच्या पातळ टबात थोडा कमी. म्हणून थर्मोस्टॅट ३६ वर लावा, दोन तास थांबा, आतल्या जमिनीचं तापमान गनने घ्या आणि ३२ येईपर्यंत एकेक अंश वर-खाली करा. पडद्यावर ३६ बघून घाबरू नका, तो आकडा सापासाठी नाही.

तळाचा थर इथे हिशेब बिघडवतो. मॅटवरच्या भागात कोकोपीट किंवा भुसा १ ते २ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जाड थर उष्णता अडवतो. वरचा पृष्ठभाग २८ दाखवतो म्हणून माणूस थर्मोस्टॅट वाढवत जातो, आणि मग साप खाली उकरून थेट ४२ अंशांच्या काचेवर जाऊन बसतो. थर जाड ठेवायचाच असेल, तर आतलं तापमान नेहमी काचेवर मोजा, थर बाजूला सारून.

सिरॅमिक हीटरसाठी प्रोब टाकीच्या आतच लागतो, पण तो बांधलेला हवा: उबदार लपणाच्या शेजारी, जमिनीपासून ४-५ सेंटीमीटर वर, थेट हीटरच्या माऱ्यात नाही. भिंतीला केबल क्लिपने पक्का करा. साप क्लिपमध्ये अडकेल एवढी फट ठेवू नका.

प्रोब चुकीचं मोजतोय अशी शंका असेल तर तापाचा डिजिटल थर्मामीटर कामाला येतो. पेल्यात कोमट पाणी घ्या, साधारण ३५ ते ३८ अंश, आणि प्रोब व थर्मामीटर दोन्ही एकत्र बुडवून ढवळा. दोघांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर थर्मोस्टॅटमध्ये तेवढी दुरुस्ती द्या. तापाचा थर्मामीटर ३२ च्या खाली 'लो' दाखवतो आणि चढलेला आकडा धरून ठेवतो, म्हणून पाणी निवायला लागण्याआधीच वाचा.

एसटीसी-१००० लावताना

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळ्यात सहज मिळणारा कंट्रोलर, म्हणजे थर्मोस्टॅट, एसटीसी-१०००. स्वस्त आहे, काम ठीक करतो, पण जोडणीत चूक झाली तर जीवघेणा ठरतो. १ आणि २ वर वीज, ३ आणि ४ वर प्रोब, ५ आणि ६ वर हीटिंग, ७ आणि ८ वर कूलिंग. मॅट चुकून ७-८ वर जोडली तर टाकी गरम झाल्यावर मॅट चालू होते आणि टाकी आणखी तापते. थंडीत हे कळतच नाही, कारण मॅट चालूच होत नाही. पहिल्या उबदार दुपारी साप भाजतो. दुसरी गोष्ट, ५-६ हा नुसता स्विच आहे, त्यातून वीज येत नाही. फेजची वायर ५ मध्ये आणून ६ मधून हीटरला न्यायची, न्यूट्रल थेट. विकत घेताना २२० व्होल्टचाच आहे ना ते लेबलवर बघा. त्याच चेहऱ्याचे १२ आणि २४ व्होल्टचेही मिळतात.

सेटिंग: एफ१ म्हणजे हवं ते तापमान. एफ२ म्हणजे फरक, ०.५ ठेवला तर हीटर अर्धा अंश खाली आल्यावर चालू होतो. तो २ किंवा ३ वर राहिला असेल तर टाकी झोके घेत राहते. एफ४ मध्ये वर सांगितलेली दुरुस्ती द्यायची. पडद्यावर 'ईई' आलं तर प्रोबची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली. उंदराने कुरतडलेली वायर हे नेहमीचं कारण. हा कंट्रोलर अशा वेळी आउटपुट बंद करतो. सगळेच स्वस्त कंट्रोलर तसं करतात असं समजू नका. या प्रोबमधल्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि गारव्यात वाढतो, म्हणून तुटलेली वायर सर्किटला 'भयंकर थंडी' वाटू शकते. तुमचा कंट्रोलर कोणताही असो, साप आत सोडण्याआधी प्रोबची वायर काढून बघा हीटर बंद होतो का. नाही झाला तर तो कंट्रोलर वापरू नका.

आणखी एक चाचणी: प्रोब मुठीत धरा. मूठ साधारण ३३-३४ अंशांची असते. कंट्रोलर ३० वर लावलेला असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत 'टक' आवाज येऊन हीटर बंद व्हायला हवा. हिवाळ्यात हात गार पडले असतील तर आधी चोळून घ्या. आवाज आला पण हीटर गरमच राहिला, तर रिलेचे संपर्क वितळून जोडले गेलेत. प्लग काढून, वायरी सोडवून मल्टीमीटरने ५ आणि ६ मध्ये सलगता तपासा. ती दिसली तर कंट्रोलर बदला, दुरुस्त करू नका.

रिले चिकटणं कधी ना कधी होणारच, म्हणून दुसरा आडोसा हवा. केएसडी ३०१ नावाचा छोटा गोल बायमेटल स्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. ४५ अंशांचा, नेहमी जोडलेला आणि आपोआप परत जोडला जाणारा प्रकार मागा. तो मॅटच्या फेज वायरमध्ये मालिकेत जोडा, टोकांवर तापवल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा आणि मॅटच्या मधोमध, खालच्या बाजूने कॅप्टॉन टेपने चिकटवा. ॲल्युमिनियमची टेप तिथे वापरू नका, टोकांना लागली तर शॉर्ट. थर्मोस्टॅट वेडा झाला तरी मॅटची वीज ४५ च्या आसपास तुटते आणि मॅट बरीच निवल्यावर परत जोडली जाते. सिरॅमिक हीटरसाठी हा उपाय तसाच लागू होत नाही. तिथे तीन अंश वर लावलेला दुसरा थर्मोस्टॅट मालिकेत घाला.

वायरिंगचं आणखी एवढंच: सगळं अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर, घराला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे टाकीतून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही.

मॅट बसवण्यातल्या चुका

मॅट टाकीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली हवी, त्याहून मोठी नको. नाहीतर सापाला थंड बाजूच उरत नाही. टाकीला चारही कोपऱ्यांत ५-६ मिलिमीटरचे रबरी पाय लावा, म्हणजे मॅटखाली हवा खेळते. लाकडी टेबल असेल तर टाकीखाली एक फरशी किंवा टाइल ठेवा. चिकटवलेली मॅट सोलून पुन्हा लावू नका. ती नीट चिकटत नाही, मध्ये हवेचे फुगे राहतात आणि तिथे गरम डाग पडतात. कधीकधी काच तडकते. कापू नका, दुमडू नका, टाकीच्या आत ठेवू नका.

हॉट रॉक, पाठदुखीचा हीटिंग पॅड, साधा ६० वॉटचा पिवळा बल्ब टबात सोडणं, खोलीत शेगडी ठेवणं: यातला एकही प्रकार चालत नाही. पाठीचा पॅड ठरावीक वेळानं आपोआप बंद होतो, नेमका पहाटे. शेगडीतल्या निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत सापाला आणि तुम्हालाही मारू शकतो.

भाजलं असेल तर

साप चटका बसला तरी हमखास बाजूला होईल यावर विसंबता येत नाही. तो तिथेच पडून राहतो. सुरुवातीला पोटाचे खवले गुलाबी-लाल दिसतात, मग पिवळट-तपकिरी होतात किंवा पाण्याचे फोड येतात. पहिल्या तासात दिसलं तर साध्या गार पाण्याच्या धारेखाली दहा मिनिटं धरा, बर्फ नको. तळाला भुशाऐवजी कागदी टॉवेल घाला, रोज बदला, मॅट बंद करून खोली उबदार ठेवा. हळद, तेल, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. फोड फोडू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य नाशिक, पुणे किंवा मुंबईला गाठावा लागला तरी जा. मलम आणि प्रतिजैविक त्याच्या सांगण्यावरूनच.

तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे, श्वासाबरोबर टकटक आवाज: हा गारठ्याने झालेला छातीचा संसर्ग असू शकतो, तोही डॉक्टरकडे. आणि साप सतत पाण्याच्या भांड्यात बसून असेल तर तो गरमीमुळे, कात टाकण्याआधी किंवा गोचिड्यांमुळेही बसतो. आधी तापमान मोजा, मग भिंगाने खवल्यांच्या फटीत बघा.

वीज गेली तर

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. निम्मे धरले तरी २० वॉटची मॅट रात्रभर आरामात चालते. १०० वॉटचा सिरॅमिक चालवला तर बॅटरी रात्रभर टिकत नाही. चौकोनी लहरीच्या साध्या इन्व्हर्टरवर मॅट बिनधास्त चालते, पण डिमर पद्धतीचा थर्मोस्टॅट गडबडू शकतो. इन्व्हर्टर नसेल तर रबरी शेकायच्या पिशवीत ४० ते ४५ अंशांचं पाणी भरा, जाड टॉवेलात गुंडाळा आणि टबाच्या एका टोकाखाली, बाहेरून ठेवा. बारा तासांहून जास्त वीज नसेल तर साप सुती पिशवीत घालून मासळीवाल्याकडच्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा; खोक्याला पेन्सिलीएवढी चार-पाच भोकं पाडा आणि पिशवी गरम पाण्याला थेट लागू देऊ नका. वीज गेलेल्या रात्री खायला देऊ नका. गेल्या दोन दिवसांत खाल्लेलं असेल तर उबेची पहिली पाळी त्याच सापाची.

मार्चनंतर

फेब्रुवारी संपता संपता एफ१ तोच ठेवा, पण दुपारी टाकीची थंड बाजू बघायला लागा. थर्मोस्टॅट फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोली स्वतः ३० वर गेली की मॅटचा प्लग काढून ठेवा. नुसतं सेटिंग कमी करून चिकटलेल्या रिलेवर विश्वास टाकू नका. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याखालची खोली ४० पार करते. साप ३५-३६ च्या वर फार काळ टिकत नाही. टाकी तळमजल्यावर, उत्तरेच्या किंवा धाब्याच्या खोलीत हलवा. ७-८ वर पंखा जोडण्याचा मोह होतो, पण बाहेर ४२ असताना पंखा ४२ चीच हवा आत ढकलतो. कूलर चालतो, खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवा, झोत थेट टाकीवर नको, आणि आर्द्रता ८० च्या वर जाऊ लागली तर कॉर्नच्या टाकीचं झाकण अर्धं उघडं करा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सगळ्यात स्वस्त उपाय कुंभाराकडचा: काळं न केलेलं, साधं भाजलेलं लाल मातीचं मडकं, काठाला साप आरामात जाईल एवढी फट पाडून, कडा घासून गुळगुळीत करून, तासभर पाण्यात भिजवून थंड बाजूला पालथं घाला. बाष्पीभवनाने आतलं तापमान बाहेरपेक्षा बरंच खाली राहतं. सकाळी आणि दुपारी दोनदा भिजवा.